अमेरिकेत घरी काडतुसं भरताना डेटासाठी ऑनलाइन वर्गणी घ्यावी की छापील मॅन्युअल?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड झाल्यावर .३०८ विंचेस्टरची रायफल घेतली, आता रिलोडिंग, म्हणजे वापरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात पुन्हा पावडर आणि गोळी भरणं, सुरू करायचंय आणि एका वर्षाच्या वर्गणीच्या पैशांत पुस्तक येतं, म्हणून अडलंय. पुस्तक घ्या. मी बारा वर्षं मिशिगनमध्ये गराजमध्ये काडतुसं भरतोय. वर्गणीही भरून पाहिली आहे. तरी नव्या माणसाला मी पुस्तकच सांगतो.

डेटा म्हणजे किती पावडर घालायची एवढा नुसता आकडा नव्हे. अमुक गोळी, अमुक पावडर, अमुक कंपनीची पितळी केस (काडतुसाचं नळकांडं), अमुक प्रायमर (केसच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी टिकली), एवढ्या लांबीची बंदुकीची नळी, काडतुसाची एकूण लांबी एवढी, या सगळ्याला मिळून तो आकडा असतो. यातलं एक बदललं की नळीतला दाब बदलतो. तुमच्याच .३०८ मध्ये लष्करी केस वापरलीत तर तिचं पितळ जाड असतं, आत जागा कमी उरते आणि तेवढ्याच पावडरीचा दाब जास्त चढतो. हे का होतं, केसवर आणि प्रायमरवर जादा दाबाच्या कोणत्या खुणा दिसतात, सुरुवातीच्या आकड्यापासून थोडं थोडं वर कसं जायचं, हे मॅन्युअलच्या पहिल्या प्रकरणांत नीट समजावलेलं असतं. वर्गणीच्या साइटवर शोधाच्या चौकटीत कॅलिबर टाकलं की थेट तक्ताच समोर येतो, आणि नवखा माणूस पहिल्यांदा बघतो तो सगळ्यात मोठा आकडा.

माझ्यावर बेतता बेतता राहिलं ते सांगतो. जानेवारीतली रात्र होती. ६.५ क्रीडमूर या कॅलिबरची वीस काडतुसं भरायची होती. माझ्याकडे होती एच४३५० पावडर. फोनवर तक्ता उघडला, तो पडद्यावर मावेना, म्हणून बोटाने सरकवत गेलो आणि आकडा चिठ्ठीवर उतरवून घेतला. वीस भरून झाली. डबीवर लेबल लावताना सवयीने पुस्तक उघडलं, तर आकडा जुळेना. मी उतरवला होता तो शेजारच्या ओळीतल्या आयएमआर ४३५० चा. नावात ४३५० दोन्हीकडे, पण पावडरी दोन, जळण्याचा वेग वेगळा, आकडे वेगळे. गोळ्या काढायचा हातोडा घेऊन ती वीसच्या वीस काडतुसं एकेक करून सोडवली. प्रत्येक वेळी सिमेंटवर ठोका, मग हातोड्याच्या पोकळीतून गोळी आणि करड्या रंगाचे पावडरीचे दाणे ताटलीत. त्या रात्रीपासून बाकावर फोन नसतो. पुस्तक उघडं ठेवतो, ओळीखाली पोलादी पट्टी ठेवतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि मगच तराजू लावतो. आपण ग्रेनमध्ये मोजतो, म्हणजे एका पौंडात ७,००० ग्रेन. एका ग्रेनची चूक डोळ्याला दिसत नाही.

कोणतं पुस्तक? हॉर्नडी, सिएरा, नॉस्लर, स्पीअर यांच्या मॅन्युअलमध्ये ज्याच्या त्याच्या गोळ्यांचाच डेटा असतो. गोळी ठरली असेल तर त्याच कंपनीचं घ्या. ठरली नसेल तर लायमनचं हँडबुक घ्या, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आहेत आणि ओतीव शिशाच्याही आहेत.

दुसरा आधार फुकट मिळतो. हॉजडन ही पावडर विकणारी कंपनी आपला डेटा साइटवर विनामूल्य देते. त्यात आयएमआर आणि विंचेस्टरच्या पावडरी येतात. २०२० मध्ये तिने वेस्टर्न पावडर्स विकत घेतल्यापासून ॲक्युरेट आणि रॅमशॉट या पावडरीही तिच्याकडेच आहेत. व्हिटावुओरी या पावडर कंपनीचाही डेटा फुकट मिळतो. पुस्तकातला आकडा इथे ताडून बघायचा, आणि दोन्हींत फरक दिसला तर कमी आकड्यापासून सुरुवात करायची. फेसबुकवर किंवा रेंजवर कुणी सांगितलेला आकडा, सांगणारा कितीही भला असला तरी, तसाच वापरू नका. त्याची नळी, त्याची केस तुमच्याकडे नाही.

वर्गणी वाया जाते असं मी म्हणणार नाही. लोडडेटा ही साइट ‘हँडलोडर’ मासिकाच्या प्रकाशकांची आहे, आणि ते मासिक १९६६ पासून चालू आहे. जुनी, आता क्वचित दिसणारी काडतुसं भरायची असतील, किंवा आठ-दहा कॅलिबर असतील, तर इतका डेटा एका ठिकाणी दुसरीकडे मिळणं अवघड. मी घेतली होती ती एका ओळखीच्या आजोबांच्या जुन्या रायफलीसाठी. काम झालं आणि पुढच्या वर्षी भरली नाही. वर्गणी संपली की डेटा बघता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. लागणारी पानं तेव्हाच छापून, वर तारीख घालून ठेवा.

जुन्या पुस्तकांचं मात्र उलटं. गराज सेलमध्ये दोन डॉलरला १९७० च्या दशकातलं मॅन्युअल मिळतं आणि मोह होतो. तेव्हा दाब बहुतेक तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून मोजत. आता इलेक्ट्रॉनिक सेन्सरने मोजतात, आणि काही जुने कमाल आकडे त्यानंतर खाली आणले गेले. वाचायला ठेवा, भरायला नवी आवृत्ती.

ग्रीन कार्ड आहे म्हणून मी मोकळेपणाने लिहिलं. एच-१बी वर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सवलत आहे, पण आधी वकिलाला विचारा. भारतात तर परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली बंद आहे, तेव्हा सुट्टीत घरी जाताना यातलं काहीही सामानात नको.

आणि पावडर आणायच्या आधी पुस्तक आणा. .३०८ च्या पानावर तुमच्या वजनाच्या गोळीसमोर सात-आठ पावडरी दिसतील. त्यातल्या दोन-तीन निवडून कागदावर लिहा आणि मग दुकानात जा, कारण यादीतली पहिली तिथे असेलच असं नाही, आणि काउंटरवर उभं राहून फोनमध्ये पर्याय शोधत बसायची वेळ येऊ नये.