'गिव्ह अप' की 'गिव्ह इन'?

प्रश्न : 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' या दोन्ही फ्रेजल व्हर्ब्जचा अर्थ शब्दकोशात 'हार मानणे' असा दिलेला आढळतो. मग एकाच्या जागी दुसरे वापरले तर चालेल का? 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांबाबतही माझा असाच गोंधळ होतो.

उत्तर : क्वचित चालेल, एरवी नाही. कोडे सुटत नसताना 'आय गिव्ह अप' म्हणा किंवा 'आय गिव्ह इन', ऐकणारा उत्तर सांगून टाकील. परंतु 'ही गेव्ह अप स्मोकिंग' या वाक्यात 'गेव्ह इन' घातले, तर वाक्यच मोडते. 'गिव्ह अप'मध्ये माणूस आपला प्रयत्न, सवय किंवा आशा सोडून देतो आणि त्यासाठी समोर दुसरे कोणी असावे लागत नाही. 'गिव्ह इन'मध्ये मात्र कोणाचा तरी दबाव, आग्रह किंवा मोह असतोच आणि तोवर ठाम राहिलेला माणूस अखेर त्यापुढे नमते घेतो. म्हणूनच 'ही गेव्ह अप स्मोकिंग, बट सून गेव्ह इन' या एकाच वाक्यात दोन्ही सुखाने नांदतात : त्याने धूम्रपान सोडले, पण लवकरच तो तलफेला शरण गेला. केवळ 'हार मानणे' एवढा अर्थ पाठ करणाऱ्याला हे वाक्य कधीच उलगडणार नाही.

रचनेतही फरक आहे आणि माझ्या मते लिहिताना खरा उपयोग त्याचाच होतो. 'गिव्ह अप' एकटेही येते, पण त्याला थेट कर्मही जोडता येते. ते क्रियापद असल्यास त्याचे 'आयएनजी' रूप येते आणि सर्वनाम असल्यास ते मध्ये बसते, म्हणजे 'गिव्ह इट अप', 'गिव्ह अप इट' नव्हे. नमते घेण्याच्या अर्थाचे 'गिव्ह इन' अकर्मक असल्यामुळे कोणापुढे नमले हे सांगायला 'टू' लागते : 'दे गेव्ह इन टू द डिमांड्स'. 'गिव्ह इन युअर होमवर्क' या ब्रिटिश प्रयोगात कर्म दिसते खरे, पण तेथे अर्थ 'जमा करणे' असा निराळाच आहे.

दुसरी जोडी सोपी आहे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. त्यामुळे 'टिल मंडे' हे शब्द पहिल्याबरोबर शोभतात, दुसऱ्याबरोबर नाही. मात्र 'द स्मेल पुट मी ऑफ' असे वाचनात आले, तर तेथे काहीही पुढे ढकललेले नसते. त्या वासाने मन विटले, असा त्याचा अर्थ होतो.