दोरावरचे प्रश्न : हे घरी केलं तर चालेल का?

मागच्या वेळी हार्नेस (कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा) कधी बदलावा यावर दोन ओळी लिहिल्या आणि नंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच सुरातली, की ताई बदलायचा कशाला, आम्ही शिवूनच घेतो ना. मग म्हटलं या वेळी सगळा पसारा घरच्या सामानाचाच घेऊ. बोलणं फक्त स्पोर्ट क्लाइंबिंगचं आहे हं, म्हणजे बोल्ट मारलेली भिंत, दोर बोल्टला अडकवत चढणारा (हेच लीड करणं), खाली बिले देणारा, म्हणजे दोर धरून पडणाऱ्याला थांबवणारा, आणि पडणं हे ठरलेलंच.

प्रश्न : ताई, आईच्या शिलाई मशीनवर गाडीच्या सीटबेल्टची पट्टी वापरून हार्नेस शिवलाय. मी ६२ किलोचा, मी आणि भाऊ दोघं एकदम लटकून पाहिलं, एक टाका उसवला नाही. लीडला वापरू ना?

नको. हात चांगला आहे तुझा, फोटोत टाके अगदी सरळ दिसतायत, पण नको.

दोघं लटकलात म्हणजे जेमतेम सव्वा किलोन्यूटन झालं. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ १०० किलोचं वजन धर. लीड करताना चार मीटर पडलास की दोर ताणून तुला थांबवतो तेव्हा हार्नेसला दोन-तीन किलोन्यूटनचा हिसका सहज बसतो, बिले देणारा उडी न घेता घट्ट उभा राहिला तर अजून जास्त, आणि कंपनीचा हार्नेस १५ किलोन्यूटनला तपासलेला असतो. आता तू म्हणशील सीटबेल्टची पट्टी तरी कुठे कमजोर आहे. नाहीच आहे. पट्टी तुटणार नाही, उसवेल तो जोड. हार्नेसवर जे आडवे दाट टाके दिसतात ना, बारटॅक म्हणतात त्याला, ते जाड नायलॉन दोऱ्याचे आणि त्यासाठीच बनवलेल्या मशीनवर मारलेले असतात. घरच्या मशीनला तो दोरा झेपत नाही, म्हणून आपण बारीक दोऱ्याच्या चार-सहा ओळी मारतो आणि वाटतं झालं मजबूत. पण हिसका सगळ्या टाक्यांवर सारखा वाटला जात नाही, कडेचे टाके आधी घेतात, ते गेले की पुढचे, आणि मग चेन उघडावी तसं सर्रकन उघडतं.

आणि खरी गोम वेगळीच आहे. कंपनी काय करते, एका लॉटमधले काही नग चक्क तोडून बघते आणि त्यावरून बाकीच्यांची ताकद सांगते. तुझ्याकडे नग एकच. तो तोडून पाहिला तर वापरायला उरत नाही, नाही तोडला तर कळत नाही.

याला जोडून अजून दोन पत्रं होती की फक्त कमरेला पट्टी गुंडाळली तर. पूर्वी गुंडाळायचे खरंच, पण नुसत्या कमरपट्ट्यावर लटकलं की पट्टा बरगड्यांखाली सरकतो आणि काही मिनिटांत श्वास घ्यायची मारामार होते. आणि ज्यांनी जुन्या हार्नेसचा झिजलेला बिले लूप (पुढची पट्टीची कडी) वरून शिवून घेऊ का असं विचारलंय त्यांच्यासाठी : टॉड स्किनर, जगातल्या नावाजलेल्या क्लाइंबरपैकी एक, २००६ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत गेला तो झिजलेला बिले लूप तुटून. लूप झिजलाय हे त्याला माहीत होतं. शिवू नका, हार्नेस मधोमध कापून टाका म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही.

प्रश्न : तुम्ही सगळ्याला नाही म्हणता. पण जुन्या लोकांनी सगळं स्वतःच बनवलं ना? मग आम्हालाच काय झालं?

बनवलं, आणि हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल. ब्रिटनमधले क्लाइंबर आधी खिशात दगडगोटे घेऊन चढायचे, भेगेत दगड अडकवायचा आणि त्याला दोरी. मग वेल्समधल्या क्लॉग्विन दू'र आर्दू या कड्याकडे जाताना वाटेत स्नोडन रेल्वेचे रूळ लागतात, तिथे पडलेले लोखंडी नट उचलायला लागले. आतले आटे कानशीने घासून गुळगुळीत करायचे, नाहीतर दोरी कापली जाणार, आणि तो नट भेगेत. त्यातूनच जॉन ब्रेल्सफर्डने १९६१ मध्ये खास क्लाइंबिंगसाठीचा एकॉर्न नट काढला. त्याआधी अमेरिकेत जॉन सलाथे पोलादाचे पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायच्या खुंट्या, घडवून काढायचा, जुन्या फोर्ड गाडीच्या ॲक्सलचं पोलाद वापरायचा असं सांगतात. इव्हॉन शुइनार्ड या क्लाइंबरने १९५७ मध्ये जुनी भट्टी विकत घेतली आणि स्वतःच लोहारकाम शिकला.

पण दोन गोष्टी आपण सोयीस्कर विसरतो. एक म्हणजे हे लोक हौसेने एखादा नग करत नव्हते, सलाथे पेशाने लोहार होता, लोखंड कधी किती तापवायचं आणि कसं विझवायचं हे त्याच्या हातात होतं. दुसरी म्हणजे त्या काळात नियमच होता की लीड करणाऱ्याने पडायचं नाही. दोर नुसता कमरेला बांधलेला, पडलास तर बरगड्या मोडणार, त्यामुळे तो नट आयुष्यात एखादवेळी हिसका खाणार, तोही झालाच तर. आपण एका संध्याकाळी एकाच मूव्हवर पंधरा वेळा पडतो आणि हसत पुन्हा चढतो! आपला हा खेळ उभाच राहिलाय तपासलेल्या सामानावर.

तरी मी सगळ्याला नाही म्हणत नाही, पुढचं पत्र बघा.

प्रश्न : पहिला बोल्ट फार उंच आहे, तिथपर्यंत जाताना पाय लटपटतात. स्टिक क्लिप घरी करता येईल का?

नक्की करा, आजच करा! घरी करण्यासारखी सगळ्यात कामाची वस्तू हीच, जमिनीवरूनच पहिल्या बोल्टला दोर अडकवायचा दांडा. पहिला बोल्ट क्लिप होईपर्यंत तुमचा दोर नुसता शोभेला असतो, खालच्या चार मीटरमध्येच घोटे मोडतात.

रंगकाम करणारे वापरतात तो लांब होणारा दांडा घ्या, तीन-चार मीटरचा पुरे. टोकाला मजबूत स्प्रिंगचा चिमटा, सुतारकामात लाकडं धरायला असतो तसला, स्क्रूने आणि वरून चिकटपट्टीने पक्का बसवा, नुसत्या चिकटपट्टीने तो फिरतो. आता क्विकड्रॉ घ्या, म्हणजे पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर (गेट उघडणाऱ्या धातूच्या कड्या), त्याच्या खालच्या कॅराबिनरमध्ये दोर आधीच क्लिप करून ठेवा, वरचा कॅराबिनर चिमट्यात धरा, आणि त्याचं गेट उघडं राहायला फटीत एक बारीक काडी अडकवा. दांडा वर न्या, कॅराबिनर हँगरमध्ये (बोल्टवरच्या भोक असलेल्या पट्टीत) अडकवा, खाली ओढा, काडी पडते आणि गेट बंद. पहिल्यांदा दहा वेळा चुकतं. मान दुखते, सोबतचे हसतात, हसू दे.

क्लिप झालं की चढायच्या आधी खालून नीट बघा. काडी अजून गेटमध्ये अडकलेली असेल किंवा कॅराबिनरचं नाक हँगरच्या कडेवर टेकलेलं असेल तर ते क्लिप नाहीच, कारण बंद गेटचा कॅराबिनर लांबीत २० किलोन्यूटन घेतो आणि उघड्या गेटचा निदान ७, आणि नुसत्या नाकावर लटकला तर त्याहूनही कितीतरी कमी. दोराच्या दोन्ही बाजू ओढून बघा. दांडा धातूचा असेल तर आसपास विजेच्या तारा नाहीत ना तेही.

हे घरी चालतं कारण दांडा मोडला, चिमटा निसटला तर होतं काय, तर तुम्ही जमिनीवर उभे राहून चिडता, बस. वर गेल्यावर त्याचा काही संबंध नाही, तिथे तपासलेला क्विकड्रॉ आणि दोर आहे. फक्त पहिला क्लिप झाला म्हणजे सुटलो असं समजू नका. दुसरा बोल्ट क्लिप करायला डोक्यावर दोर ओढून धरलेला असतो तेव्हा हात सुटला तर तो सगळा ढील धरून माणूस जमिनीपर्यंत येऊ शकतो. म्हणून बिले देणाऱ्याने भिंतीजवळ उभं राहायचं, मागे खडकावर टेकून गप्पा मारत नाही.

प्रश्न : कॅराबिनर जुने आहेत पण चांगले आहेत, मधली पट्टी फक्त बदलायची आहे. टेपला गाठ मारून क्विकड्रॉ केले आणि पट्टी हलू नये म्हणून रबर लावलं तर?

या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा जास्त भयंकर आहे.

गाठीचं आधी. टेप, म्हणजे ही विणलेली पट्टी, जोडायची जी गाठ, वॉटर नॉट, ती भार येऊन-जाऊन हळूहळू सरकते, शेपट्या आखूड होत जातात आणि एक दिवस सुटते. क्विकड्रॉ तर दिवसभर हलतच असतो. शिवाय गाठीने टेपची ताकद बरीच घटते, डायनिमा या कृत्रिम सुताच्या पातळ पट्टीत तर जवळजवळ निम्मी, कारण ते सूत गुळगुळीत आणि साधारण १४५ अंशाला वितळणारं. कॅराबिनर खरंच चांगले असतील, म्हणजे गेट आपोआप बंद होतं, दोराने घासून धारदार खाच पडलेली नाही, तर मधली शिवलेली पट्टी तेवढी नवी घ्या, ती सुटी मिळते आणि २२ किलोन्यूटनला तपासलेली असते.

आता रबर. शिवलेल्या पट्टीच्या दोरवाल्या टोकाला जे रबर असतं ते फक्त कॅराबिनर फिरू नये म्हणून. पट्टीच्या फासातून कॅराबिनर जायला हवा आणि वरून रबर. बसवताना चूक झाली, किंवा उघड्या लांब स्लिंगला, म्हणजे मधे न शिवलेल्या पट्टीच्या मोठ्या वेढ्याला, रबर लावलं आणि तिचा एक पदर उलटून कॅराबिनरमधून फिरला, तर बाहेरून सगळं एकदम टापटीप दिसतं आणि आत कॅराबिनर धरलेला असतो फक्त त्या रबराने. हातात ओढून पाहिलं तरी कळत नाही. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्पिएर इथे १२ वर्षांचा एक इटालियन मुलगा, फार गुणी क्लाइंबर, अशाच चुकीच्या जोडलेल्या क्विकड्रॉंमुळे जमिनीवर पडला आणि गेला. पट्ट्या तुटल्या नव्हत्या, कॅराबिनर तुटले नव्हते. तेव्हापासून मी कोणाचाही क्विकड्रॉ हातात घेतला की रबर सरकवून आत बघते, लोकांना राग येतो, येऊ दे. उघड्या लांब स्लिंगला रबर लावूच नका.

प्रश्न : प्रुसिकचा लूप तरी घरी बांधू की तोही विकतच?

बांधा, मुख्य दोराभोवती गुंडाळून पकड घेणारा हा दोरीचा फास घरीच बांधतात सगळे. पण दोरी क्लाइंबिंगची ॲक्सेसरी कॉर्डच हवी, नायलॉनची, सामान बांधायची प्लास्टिकची नाही. ६ मिलिमीटरची कॉर्ड प्रमाणानुसार निदान ७.२ किलोन्यूटनची असते, ५ ची ५. मुख्य दोर १० च्या आसपास असेल तर ६ चा लूप छान पकडतो, दोर बारीक असेल तर ५ बघा, कारण दोन्हींची जाडी जवळ आली की प्रुसिक घसरायला लागतो. दीड मीटर तुकडा कापा, टोकं वितळवून घ्या, डबल फिशरमन गाठ, शेपट्या सात-आठ सेंटीमीटरच्या ठेवा, आणि मग लूपमध्ये पाय घालून उड्या मारून गाठ आवळून घ्या. हाताने आवळलेली गाठ म्हणजे अर्धी गाठ.

यात कामाची गोष्ट ही की याच्यावर तुम्ही पडत नाही, दोरावरून उतरताना हात सुटला तर थांबवायला तो असतो, वजन येतं पण हळू येतं. त्याच लूपला अँकरमध्ये (भिंतीतल्या पक्क्या आधाराला) लटकून वर चढून पडलात तर तिथे ताणणारं काहीच नाही, सगळा हिसका तुमच्या अंगावर आणि गाठीवर.

प्रश्न : बोल्टचे हँगर वर्कशॉपमध्ये करून घेतले तर? ॲल्युमिनियमची जाड पट्टी आहे.

नाही, अजिबात नाही. प्रमाणित बोल्ट-हँगर भिंतीलगत खालच्या ओढीला निदान २५ आणि भिंतीपासून बाहेरच्या ओढीला निदान १५ किलोन्यूटन घेतो, आणि ॲल्युमिनियम स्टीलच्या बोल्टला टेकलं आणि ओल लागली की आतल्या आत खाल्लं जातं. समुद्राकाठी तर स्टेनलेससुद्धा तडकतं, थायलंडच्या कड्यांवर म्हणूनच टायटॅनियम मारायला लागलेत. आणि हार्नेस फसला तर निदान शिवणारा पडतो, हँगरवर कोण पडणार ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

प्रश्न : दोराचा मध्य ओळखायला मार्करने रेघ मारली तर चालते?

साधा मार्कर नको. त्यातल्या रसायनाने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते असा इशारा यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने पूर्वीच दिलाय. दोर बनवणारा जो मार्कर सांगतो तोच घ्या. चिकटपट्टी बिले डिव्हाइसमध्ये (दोर अडवायच्या साधनात) अडकते, तीही नको. आणि दोर गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी टाकत असाल तर आजच उचला, ॲसिड लागलेला नायलॉन बघून ओळखू येत नाही आणि तुटतो मात्र सुतळीसारखा. दोर अंथरायची ताडपत्री खुशाल घरी शिवा, एका कोपऱ्यात कापडाची कडी लावा आणि दोराचं दुसरं टोक त्यात बांधून ठेवा. म्हणजे खाली उतरवताना ते टोक डिव्हाइसमधून निसटून जाणार नाही. दोर आखूड पडून माणूस खाली आदळणं हा घोळ वस्तू तुटण्यापेक्षा जास्त होतो.

प्रश्न : ताई, मला फक्त चॉकची पिशवी शिवायची आहे. त्यालाही नाही म्हणणार का?

अगं शिव की! जुन्या जीन्सचा पाय मस्त होतो. आतून मऊ लोकरी कापड लाव म्हणजे चॉक (हाताला लावायची पूड) धरून राहतं. तोंडाला ताठ कडा हवी, प्लास्टिकची जुनी पट्टी वाकवून घातली तरी चालते, नाहीतर एका हाताने लटकलेली असताना दुसरा हात आत जातच नाही, माझी पहिली पिशवी अशीच मिटायची. कमरेला वेगळ्या बारीक पट्ट्याने बांध, आणि तो पट्टा हार्नेसच्या कमरपट्ट्यापेक्षा वेगळ्या रंगाचा घे, म्हणजे चुकून दोर त्याला बांधला जाणार नाही.