"मॅडम, चुकीचं काही बोललो तर?"

हॉस्पिटलच्या स्टाफचं ट्रेनिंग घ्यायला गेले की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. सिस्टर असोत, वॉर्डबॉय असोत, सगळ्यांचं एकच, कॅन्सरचं कळल्यावर पेशंट आमच्यासमोर रडायला लागला तर बोलायचं काय?

एका बॅचमध्ये एक सिनियर सिस्टर होत्या. रोल प्लेमध्ये मी पेशंट झाले, विचारलं, "सिस्टर, मी वाचेन ना?"

"अहो असं काय बोलताय, काही होणार नाही तुम्हाला!" आणि लगेच बीपीचा पट्टा गुंडाळायला लागल्या. दुसऱ्यांदा केलं, परत पट्टा. तिसऱ्यांदा मी फक्त म्हटलं, "बीपी आत्ताच घेतलंत ना?" (चूक दाखवायचा मोह आवरायला मला बरीच वर्षं लागलीयेत.)

त्या हसल्या, मग गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "कानात स्टेथो घातला की ऐकू येत नाही ना मॅडम."

खोलीत कोणी हललं नाही. मी पण बोलले नाही, आणि तेव्हा मला लख्ख कळलं की मी इतके दिवस यांना वाक्यं शिकवत बसले होते आणि वाक्यांची अडचण नव्हतीच मुळी, समोरच्याचं दुःख आपल्याला मिटवता येत नाही हेच सहन होत नव्हतं. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला मानणारी, माणूस नीट ऐकला गेला की पुढचं तोच बोलतो यावर माझा विश्वास. पुढच्या सेशनला त्या पट्टा बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या, "कसली भीती वाटतेय?" म्हणाल्या, आणि माझ्याच तोंडून न ठरवता निघून गेलं, "मुलगी लहान आहे हो अजून."

आजार किती पसरलाय, किती दिवस आहेत, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण "ते मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारूया, तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?" एवढं कोणीही बसून विचारू शकतं. डॉक्टरांसाठी 2000 साली स्पाइक्स नावाच्या सहा पायऱ्या छापून आल्या, त्यातही वाईट बातमी सांगण्याआधी पेशंटला काय माहितीये ते विचारायचं असतं. तेच तेच परत विचारतात म्हणून चिडू नका, धक्क्यात ऐकलेलं बरंचसं डोक्यात राहतच नाही. आणि ड्युटी बदलताना सलाईन-बीपीसोबत पेशंटने काय विचारलं तेही पुढच्या सिस्टरना सांगा.

परवा त्या सिस्टर भेटल्या. एका पेशंटजवळ पाच मिनिटं बसल्या म्हणून इन्चार्ज ओरडल्या म्हणे. आता पुढची बॅच मी इन्चार्ज लोकांचीच मागून घेतलीये.