घुसखोर, गुन्हा आणि विनाश

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय: सोसायटीच्या सभेत भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, "घुसखोरांमुळेच गुन्हेगारी वाढलीय." दुसऱ्यांनी हटकलं, "घुसखोर काय म्हणता, बेकायदा स्थलांतरित म्हणा." इतिवृत्तात कोणता शब्द लिहायचा? आणि 'गुन्हेगारीचा दर' बरोबर की 'गुन्ह्यांचं प्रमाण'?

घुसणे म्हणजे काय ते सांगत बसत नाही. खरी गंमत 'खोर'मध्ये आहे. फारसीत खुर्दन म्हणजे खाणे, आणि 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोराला आपण लाचखाऊही म्हणतो, तो याचा रोखठोक मराठी अनुवाद. एका व्याख्यानात 'खोऱ्यातून घुसतो तो घुसखोर' अशी व्युत्पत्ति ऐकली आणि सभागृहात टाळ्याही पडल्या. डोंगरखोऱ्याचा इथे काडीचाही संबंध नाही. व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी निदान एक कोश उघडून पाहावा.

माझं म्हणणं असं, की 'खोर' लागला की शब्द कृत्याचा राहत नाही, वृत्तीचा होतो. एकदा भांडला त्याला आपण भांडखोर म्हणत नाही. चहाडखोर, नफेखोर, हरामखोर, सगळीकडे सवय आहे. बंडखोर कवी म्हणतो तेव्हाही त्याच्या स्वभावाबद्दलच बोलतो. 'हल्लेखोर' या नियमातून निसटतो, हे मान्य. पण 'घुसखोर' निसटत नाही. १९६५ साली काश्मिरात युद्धबंदी रेषा ओलांडून शस्त्रं घेऊन आलेल्यांना आणि १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर येऊन बसलेल्यांना हा शब्द चपखल बसला, कारण घुसणं हेच त्यांचं काम होतं. पंधरा वर्षांपूर्वी एकदा सीमा ओलांडून आलेल्या आणि तेव्हापासून विटा वाहणाऱ्या बाईला तोच शब्द लावला, की तिचं एक कृत्य तिचा स्वभाव होऊन बसतं. तिनं कायदा मोडलेला असतो, त्यात शंका नाही. शब्द मात्र त्यापलीकडचं बोलतो.

शिवाय तो अपुराही आहे. आपल्या नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने अवैध स्थलांतरिताची व्याख्या आली, तिच्यात दोन प्रकारचे परदेशी लोक बसतात: वैध कागदपत्रांवाचून आलेले, आणि रीतसर व्हिसा घेऊन आलेले पण मुदत संपल्यावरही राहिलेले. हा दुसरा विमानतळावर शिक्का मारून, पुढच्या दाराने आलेला असतो. तो घुसला कुठे?

आता 'गुन्हा'. भाषाशुद्धीवाले हा शब्द परका म्हणून ऐकला की कपाळाला आठ्या घालतात आणि 'अपराध' लिहायला सांगतात. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश तयार केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या व्यासंगापुढे मी नमतो, पण या शब्दापुरता माझा त्यांच्या पक्षाशी उघड वाद आहे. गुन्हा परका नाहीच. जुन्या इराणी शब्दांतल्या आरंभीच्या 'व'चा फारसीत पुष्कळदा 'ग' होतो. संस्कृतातला वृक तिथे गुर्ग, वराह तिथे गुराज. आपल्या 'श'च्या जागी तिथे 'ह' येतो: दश, फारसीत दह. आता या दोन्ही किल्ल्या 'विनाश' शब्दाला लावून पाहा. मध्य फारसीत, म्हणजे पहलवीत, तो 'विनाह' आहे आणि पुढे झाला 'गुनाह'! गुन्हा आणि विनाश एकाच आजीची नातवंडं. एक इराणात वाढलं, एक इथे, आणि दोघं मराठीत पुन्हा एका घरात आली. मला हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

म्हणजे गुन्ह्याच्या मुळाशी नुकसान आहे, कुणाचं तरी काहीतरी नासलेलं असणं. फारसीत त्याचं पाप झालं, मराठीत तो कचेरीत आला. पेशवाईच्या हिशेबांत तर 'गुन्हेगारी' म्हणजे चक्क दंडाची रक्कम! गुन्हेगारी वसूल होई, जमेला लागे. ती मोजता येत होती. आजची 'गुन्हेगारी' धुक्यासारखी आहे, 'वाढलीय' म्हटलं की वाढली. पीएमपीच्या बसमध्ये, कट्ट्यावर, बातम्यांत रोज हेच ऐकू येतं आणि माझा संताप होतो. वाढली म्हणजे किती, आणि कितींमागे?

'दर' शब्द आपण दरसाल, दरशेकडा, दरडोई असा वापरतो. त्याला 'कशामागे' हवंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे देतो, तो दर. बेकायदा राहणाऱ्यांचा दर काढायचा तर ते आहेत किती, हे आधी ठाऊक हवं, आणि त्यांची शिरगणती आपल्याकडे झालेली नाही. छेदच नाही, तर दर कुठला? दुसरी मेख अशी, की कागदांवाचून येणं हाच गुन्हा. तो बेरजेत धरला तर या गटातला प्रत्येक जण आपोआप गुन्हेगार ठरतो आणि चोरी-मारामारीचं काहीच कळत नाही. म्हणून जर्मनीचे पोलीस परकीय नागरिक कायद्याचे भंग वगळून एक बेरीज वेगळी देतात. तीत संशयितांमधला परदेशी नागरिकांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त दिसतो. उलट अमेरिकेत टेक्सास राज्य अटक झालेल्यांचं वास्तव्य कायदेशीर आहे की नाही, हे तपासून नोंदतं. २०१२ ते २०१८ च्या त्या नोंदींवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात बेकायदा राहणाऱ्यांचं हिंसक गुन्ह्यांतल्या अटकेचं प्रमाण अमेरिकेतच जन्मलेल्यांच्या निम्म्याहून कमी निघालं. जर्मनीतला परदेशी नागरिक आणि टेक्सासमधला बेकायदा रहिवासी या दोन निरनिराळ्या मोजण्या आहेत. यातलं एक वाक्य उचलून कोथरूडच्या सभेत फेकता येत नाही.

गेल्या महिन्यात रविवार पेठेत मंगळसूत्राची कडी जोडून घ्यायला गेलो होतो. कारागीर हुगळी जिल्ह्यातला. फुंकणी तोंडात, डोळे ज्योतीवर. बाकावरचे एक गृहस्थ मला म्हणाले, "सगळे बांगलादेशी भरलेत इथे." कारागिराने फुंकणी खाली ठेवली, खिशातून आधार कार्ड काढून काचेवर ठेवलं, आणि पुन्हा कामाला लागला. कुणी मागितलं नव्हतं. बंगाली आणि बांगलादेशी हा फरक पुण्यासारख्या शहरात समजावून सांगावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

इतिवृत्ताचं राहिलंच. कुणी सीमा ओलांडल्याचं सभेपुढे आलेलं नाही, कुणावर गुन्हा दाखल नाही. तेव्हा दोन्ही शब्द नकोत. 'सर्व भाडेकरूंची पोलीस पडताळणी करून घ्यावी असे ठरले' एवढं लिहा आणि खाली सचिवांची सही घ्या. आणि प्रमाण लिहा किंवा दर लिहा, चालेल, पण 'गुन्ह्यांचा'. गुन्हेगारीचा नको.