क्वाड्रुपल मार्कर पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळात दोष आहेच का?

दादा, तुम्ही लिहिलंय की वहिनींना सतरावा आठवडा चालू आहे, क्वाड्रुपल मार्करमध्ये, म्हणजे आईच्या रक्तावरून बाळातल्या दोषाची शक्यता काढणाऱ्या टेस्टमध्ये, डाऊन सिंड्रोमची (बाळाची बौद्धिक वाढ मंदावणारा जन्मजात दोष) रिस्क १:१८० आलीय, रिपोर्टवर 'स्क्रीन पॉझिटिव्ह' छापलंय आणि घरात ग्रहणात भाजी चिरल्याचा विषय निघालाय. बाळात दोष आहेच का, असं विचारलंत.

हा रिपोर्ट तसं म्हणतच नाही. १:१८० म्हणजे असा आकडा आलेल्या १८० बायांपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन असतो, बाकीच्यांच्या नाही. आकडा १:२५० च्या आत आला की बऱ्याच लॅब पॉझिटिव्ह लिहितात.

मी परभणीत लॅबमध्ये रक्त घेते, या टेस्टचा फॉर्मही मीच भरते. म्हणून सांगते, आधी रिपोर्टचा वरचा भाग वाचा: पाळीची तारीख, वजन, वय, शुगर, जुळं आहे का. आपल्याकडे तारीख विचारली की "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी" असं उत्तर येतं, मग कालनिर्णय उघडून अंदाजाने तारीख लिहिली जाते. घोळ तिथंच होतो. ही टेस्ट आईच्या रक्तातले काही पदार्थ मोजते; या आठवड्यांत त्यातलं एएफपी आणि इस्ट्रिऑल वाढत जातं, एचसीजी उतरत जातं. दिवस खरे पंधरा आठवड्यांचे असले आणि फॉर्मवर सतरा पडले, तर पहिली दोन कमी दिसतात, एचसीजी जास्त दिसतं. डाऊनमध्येही हेच चित्र असतं! पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून काढलेले दिवस सगळ्यात भरवशाचे. त्यात आणि फॉर्ममध्ये फरक निघाला तर लॅबला कळवा, त्याच रक्ताच्या आकड्यांवरून रिस्क पुन्हा काढून देतात.

दिवस बरोबर निघाले तर डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. एनआयपीटी ही टेस्ट आईच्या रक्तावरच होते, डाऊनसाठी क्वाड्रुपलपेक्षा कितीतरी नेमकी आहे, पण महाग आहे आणि तीही शेवटी चाळणीच. पक्कं उत्तर गर्भजल तपासणीतच मिळतं. त्यात पोटातून सुई घालून थोडं पाणी काढतात, गर्भपाताचा धोका एक टक्क्याहून कमी. पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात, कारण पेशी वाढवाव्या लागतात. १८ ते २० आठवड्यांची ॲनोमली सोनोग्राफीही चुकवू नका. हृदय, मणका, किडनी त्यात दिसतं, पण ती नॉर्मल आली म्हणून डाऊन नाही असं धरून बसू नका.

वेळ मात्र घालवू नका. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. बीड भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे हेच आठवडे फडावर निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या हातात अजून आहेत.

आणि वहिनींना कुणी बोल लावू देऊ नका. डाऊनमध्ये २१ वा क्रोमोसोम (गुणसूत्र) जास्तीचा असतो, तो बहुतेक वेळा बीज तयार होतानाच पडतो. ग्रहणाचा, भाजीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पहिल्या सोनोग्राफीचा कागद सापडत नसेल तर जिथं केली त्या सेंटरवर मागा. त्यांना रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावंच लागतं.