वाचकांचे प्रश्न : लांब पल्ल्याच्या गाडीची नोकरी कोणाकडे धरावी?

प्रश्न : मी कळंबोलीत राहतो. सहा वर्षे तुर्भ्याच्या बाजार समितीतून भाजीचा टेम्पो चालवला आणि आता अवजड वाहनाचा परवाना हातात आला आहे. दोन ठिकाणी बोलणे झाले आहे. भिवंडीच्या एका मोठ्या गोदामातून रात्री पार्सलचा कंटेनर बंगळूरला न्यायचा आहे. तिथे दरमहा २६ हजार पगार आणि भत्ता वेगळा. दुसरे, स्टील मार्केटमधले बारा गाड्यांचे मालक फेरीवर पैसे देतात आणि महिन्याला ३५ हजार सुटतील असे सांगतात. घरी आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी आहे. कोणाकडे जावे?

उत्तर : आपण पैशांचे दोन आकडे कळवले आहेत, पण गाडी किती तासांत पोचवायची हे दोन्हीकडे विचारलेले दिसत नाही. काम देणारा कसा आहे, हे माझ्या मते सर्वांत आधी त्याच आकड्यावरून कळते. भिवंडी ते बंगळूर हे अंतर सुमारे १००० किलोमीटर आहे. भरलेल्या गाडीला घाट आणि टोलनाके धरून ताशी सरासरी ४५ किलोमीटर पडले, तरी बावीस तास नुसते स्टिअरिंगवर जातात. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास, लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर दहा तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे माप घालून दिले होते. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली, पण झोपेची गरज तेवढीच राहिली आहे. तेव्हा भिवंडीवाले एकट्या चालकाला ‘अठ्ठावीस तासांत गाडी लावा’ म्हणत असतील, तर कितीही गोड बोलले तरी ते आपल्याला रात्रभर जागवणार आहेत. गाडीवर दोन चालक असतील, तर तेच वेळापत्रक माणसाला झेपणारे आहे. ‘ई-वे बिल (मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) संपेल, लवकर पळवा’ असे कोणी सांगितले, तर दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने १००० किलोमीटरच्या बिलाला पाच दिवसांची मुदत असते, हे लक्षात ठेवावे. घाई बिलाची नसून गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दाची असते.

भिवंडीच्या कामाबाबत आणखी एक चौकशी अत्यंत आवश्यक आहे. गोदामावर पाटी एकाची आणि गाड्या दुसऱ्याच ठेकेदाराच्या, हा प्रकार या धंद्यात सर्रास चालतो. गाडीचे आरसी बुक कोणाच्या नावावर आहे आणि नियुक्तिपत्रावर सही कोण करणार, हे स्पष्ट विचारावे. नव्या संहितेनुसार नियुक्तिपत्र मिळणे हा आपला हक्क आहे. वीस किंवा अधिक माणसे कामावर असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून यूएएन, म्हणजे त्या निधीचा आपला खाते क्रमांक, मागावा. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार असल्याने २६ हजार पगारावर तो लागू होणार नाही. मग अपघात झाल्यास उपचार आणि भरपाई कोणत्या पॉलिसीतून मिळेल, हे कागदावर पाहून घ्यावे. मूळ परवाना ‘ऑफिसात जमा ठेवा’ म्हणणाऱ्याकडे मात्र एक दिवसही थांबू नये.

आता डिझेलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट मी जवळून पाहिली आहे. मी एका मालकाकडे हिशेब लिहीत असताना गाडीचे अ‍ॅव्हरेज कमी पडले की फरक चालकाच्या पगारातून कापला जाई. गाडी भरलेली होती की रिकामी, रस्ता सपाट होता की घाटाचा, हे पाहिले जात नसे. कपातीचे पत्रक माझ्या हातचे असे, आणि त्याची बोच मला अजून आहे. त्या कपातीच्या धास्तीने एक चालक कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरला आणि तळाशी येईपर्यंत ब्रेक तापून धूर निघू लागला. सुदैवाने पुढचा रस्ता मोकळा होता. गिअरमध्ये गाडी उतरवली की इंजिनच तिला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये तो सारा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. शिवाय आजच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे डिझेल आपोआप बंद होते, म्हणजे त्या चालकाने जीव धोक्यात घातला तो थेंबभरही न वाचवता. म्हणून दोन्हीकडे विचारावे की अ‍ॅव्हरेज कसे धरता आणि कमी पडले तर काय करता. याचे उत्तर देताना जो माणूस रस्ता आणि वजन यांचा उल्लेख करतो, त्याला हे काम कळते.

स्टीलवाल्या मालकांचे ३५ हजार मला थोडे तपासून घ्यावेसे वाटतात. परतीचा माल मिळेपर्यंत तीन दिवस बसून राहावे लागले तर हाल्टिंग, म्हणजे थांबल्या दिवसांचे पैसे, मिळते का, पंक्चर, जेवण आणि हमाली कोणाकडे, हे वजा करून आकडा पुन्हा मांडावा. त्याहून गंभीर बाब ओव्हरलोडची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. आणि तो गाडी चालवणाऱ्यावरही बसू शकतो, केवळ मालकावर नाही. फेरीवर पैसे घेणाऱ्या चालकाला ‘दोन टन जास्त टाकतो, तुझेही भले होईल’ हे ऐकावेच लागते. तरीही छोट्या मालकाला सरसकट वाईट म्हणू नये. स्वतः वीस वर्षे गाडी चालवून मालक झालेला माणूस चालकाची झोप ओळखतो, आणि अशी माणसे कळंबोलीत आहेत.

शब्दांपेक्षा यार्ड अधिक खरे सांगते, म्हणून पहाटे पाच-सहाच्या सुमारास दोन्ही ठिकाणी जाऊन उभे राहा. मागच्या जोडटायरांतला आतला टायर वाकून पाहा. बाहेरचा टायर सगळेच चांगला ठेवतात. पोलादाच्या कॉइलखाली लाकडी ओंडके नीट ठोकलेले आहेत का, साखळी ताणलेली आहे की लोंबते आहे, हे पाहा. केबिनमधून ब्रश घेऊन उतरणाऱ्या चालकाला चहा पाजून विचारा की मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला आणि तो घरी शेवटचा केव्हा गेला होता. आणि आपली चाचणी न घेता कोणी पहिल्याच दिवशी चावी हातात देत असेल, तर समोरून येणाऱ्या त्याच्या इतर गाड्याही तशाच हातांत आहेत, हे समजून घ्यावे.

माझे मत विचारता, म्हणून स्पष्ट लिहितो. आपला टेम्पोचा अनुभव चांगला आहे, पण भरलेला कंटेनर घाटात उतरवणे हे वेगळे काम आहे, आणि पहिले वर्ष अनुभवी जोडीदाराशेजारी बसून शिकण्याचे आहे. भिवंडीत गाडीवर दुसरा चालक असेल आणि नियुक्तिपत्र मिळत असेल, तर नऊ हजार कमी घेऊन तिथे जावे. दुसरा चालक नसेल, तर तिथेही नको. अशा वेळी स्टीलच्या मालकांना विचारावे की पहिले तीन महिने जुन्या चालकाबरोबर जवळच्या फेऱ्यांवर, पुणे-नाशिकपर्यंत, पाठवाल का. ते हो म्हणाले, तर त्यांच्याकडे काम धरायला माझी हरकत नाही.