दगडी कमान, सरळ शिळा आणि ताण-दाबाचा हिशेब

प्रश्न : गोदावरीवरचा अहिल्याबाई होळकर पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडी कमानींवर उभारला गेला आणि कित्येक पूर पचवून आजही उभा आहे. काळा पाषाण एवढा बळकट असेल, तर आजच्या पुलांना सळया कशाला लागतात? दोन खांबांवर सरळ लांब शिळा टाकून पूल का बांधत नाहीत?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दगडाचे बळ एका आकड्यात सांगता येत नाही, हेच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. न झिजलेला चांगला बेसॉल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण, दर चौरस मिलिमीटरला साधारण 100 ते 250 न्यूटन दाब सोसतो. तोच दगड दोन्हीकडून ओढला, तर मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतक्या बळाने तुटतो. दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म भेगा असतात. दाबाखाली त्या मिटतात; ताणाखाली मात्र भेगेच्या टोकाशी सारे बळ एकवटते आणि भेग पुढे धावते. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1921 साली काचेवरील प्रयोगांच्या आधारे ही गोष्ट मांडली, पण पाथरवटांना ती हाताने फार पूर्वीपासून ठाऊक होती. पाथरवट मोठ्या धोंड्यावर छिन्नीने एका ओळीत खाचा पाडतो, प्रत्येक खाचेत लोखंडी पाचर बसवतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत घणाचे बेताचे टोले देत जातो. घण खाली बसतो, पण पाचर खाचेच्या दोन्ही भिंतींना बाजूला रेटते. म्हणजे दगड चिरडला जात नाही, ओढून उकलला जातो. आत भेगा एकमेकींना मिळाल्या की टोल्याचा खणखणीत आवाज बद्द होतो आणि धोंडा सरळ रेषेत दुभंगतो.

आता दोन खांबांवर टेकलेली सरळ शिळा पाहा. स्वतःच्या वजनाने ती किंचित वाकते, तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर केवळ स्वतःच्या वजनामुळे येणारा हा ताण चौपट होतो. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या मंडपात खांब इतके जवळजवळ का आहेत, याचे एक मोठे कारण हेच आहे : दगडी तुळईला लांब पल्ला झेपत नाही, आणि त्या कारागिरांनी तिच्याकडून तो मागितलाही नाही.

कमान हा तिढा मुळातूनच सोडवते. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांवर रेलून बसतात, वरचे वजन त्यांच्या वळणाने खाली उतरते आणि शेवटी खांबांना व काठांना बाजूचा रेटा देते. या रेट्याची रेषा कमानीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिली, तर एकाही सांध्यात ताण येत नाही आणि सळईची गरजच उरत नाही. अट एवढीच, की आधार हलता कामा नये. पुराच्या पाण्याने पायाखालची माती खरवडून नेली आणि खांब थोडा जरी खचला, तरी ती रेषा सरकते आणि सांधा उघडू लागतो. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोपही पाथरवटाच्या पाचरीचेच काम करते, फक्त सावकाश. अशी रोपे लहान असतानाच मुळासकट काढून सांधे चुन्याने भरणे, हे जुन्या पुलाला रंग देण्यापेक्षा किती तरी अधिक निकडीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

काँक्रीटचा स्वभावही दगडासारखाच आहे : दाबाला खंबीर, ताणाला दुबळे. सळया त्या ताणासाठीच असतात आणि जिथे ताण येतो तिथेच त्या घालाव्या लागतात. सुट्या तुळईत त्या मुख्यतः खालच्या बाजूस असतात. पण तुळई अनेक खांबांवरून सलग जात असेल, तर खांबाच्या डोक्यावर ती उलट वाकते, म्हणून तिथे वरच्या बाजूस सळया हव्यात. फ्रेंच अभियंता युजेन फ्रेसिने याने याच्या पुढची पायरी गाठली आणि 1928 साली तिचे पेटंट घेतले. उच्च बळाच्या पोलादी तारा खेचून ताणात ठेवायच्या आणि त्यांच्या ओढीने काँक्रीट आधीच दाबून धरायचे, म्हणजे पुढे वाहनांच्या भाराने येणारा ताण त्या दाबातच जिरतो. आज मोठ्या उड्डाणपुलांचे लांब गर्डर बहुधा याच रीतीने बांधले जातात.

प्रश्न : मग नाशिकजवळच्या डोंगरात कोरलेल्या पांडवलेण्यांतील मोठ्या विहाराचे सपाट छत मध्ये एकही खांब नसताना कसे टिकले?

उत्तर : क्रमांक 3 च्या लेण्यातील दालन सुमारे 12 मीटर रुंद आहे. तेवढी सुटी शिळा भिंतींवर ठेवली असती, तर तिला मोठाच धोका होता. पण ते छत ही सुटी शिळा नव्हे. ते वरच्या डोंगराशी एकसंध आहे. पोकळी कोरली गेली तेव्हा वरच्या खडकाचे वजन तिला वळसा घालून दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरले, म्हणजे सपाट छताच्या वर खडकातच एक न दिसणारी कमान तयार झाली. छताच्या खालच्या पृष्ठभागाजवळ थोडा ताण येतो, परंतु अखंड बेसॉल्ट तो पेलतो.

खडक अखंड असणे ही इथली निर्णायक गोष्ट आहे. बेसॉल्ट हा थिजलेला लाव्हाच. लाव्हा थंड होताना आकसतो, पण त्याला मोकळेपणी आकसता येत नाही, म्हणून त्यात ताण निर्माण होऊन उभ्या भेगा पडतात. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या अनेक उभ्या भेगांचा उगम असा आहे. दोन लाव्हाप्रवाहांमधला आडवा सांधा छताच्या अगदी वर आला, तर त्याखालचा पातळ थर डोंगरापासून सुटतो आणि सुट्या शिळेसारखा वाकू लागतो. म्हणूनच लेण्यांच्या देखभालीत छतातून पाणी कुठे झिरपते याची नोंद ठेवणे फार महत्त्वाचे ठरते, कारण पाणी बहुधा अशाच सांध्यांतून आणि भेगांतून वाट काढते.